नव्वद सेकंदांची मोकळीक

सकाळचे सात वाजलेत आणि घोडीच्या तोंडाला तेल लावणं चाललंय. बाईंच्या बोटावर बेबी ऑइलचे दोन थेंब. आधी नाकपुड्यांच्या कडांना, मग ओठांवर, मग डोळ्यांभोवती. चार दिवसांपूर्वी अंगावरचे केस मशीननं उतरवलेत, त्यामुळे तेल लागलं की खालची कातडी काळीभोर दिसते आणि डोळे आहेत त्याहून मोठे वाटतात. घोडी फुरफुरते. बाईंच्या चष्म्यावर शिंतोडे उडतात. चष्मा न पुसताच बाई दुसऱ्या डोळ्याकडे वळतात.

घोडी माझ्या कमरेलाही पोचत नाही. बघणाऱ्याला शिंगरू वाटतं, पण सहा वर्षांची पुरी वाढलेली घोडी आहे ही, मिनिएचर जातीची. या जातीची अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन १९७८ सालची. तिच्या नियमात उंचीची कमाल मर्यादा ३४ इंच. मोठ्या घोड्याची उंची खांद्यावरच्या उंचवट्यापाशी मोजतात, इथे मात्र आयाळीचा शेवटचा केस जिथे उगवतो तिथे पट्टी लावतात. हिची भरते ३१. रंग तांबूस बदामी, आयाळ-शेपूट काळी, कपाळावर वेडावाकडा पांढरा ठिपका.

टेक्ससमधल्या एका काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर, पत्र्याच्या मोठ्या छपराखाली आजचा शो आहे. मी मूळची माळशिरस तालुक्यातली. नवऱ्याच्या नोकरीपायी डॅलसच्या उत्तरेला येऊन राहिले, आणि कुंपणापलीकडे या बाई निघाल्या. शाळेतल्या बँडच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. चार बुटकी घोडी, एक म्हातारा पांढरा खच्ची घोडा, नवरा आणि सुट्टीला येणारी नात एवढा त्यांचा संसार. नात चौदा वर्षांची. ती खाली पाट टाकून बसलीय आणि पॉलिश पेपरनं खूर घासतेय. खूर गुळगुळीत झाला की वर काळं पॉलिश. या घोड्यांना बहुधा नाल मारत नाहीत, त्यामुळे सगळी शोभा खुरावरच. पॉलिश ओलं असताना घोडीनं पाय भुशात टेकवला तर भुसा चिकटतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून खाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एका वेळी एकच पाय.

‘‘आजी, मागचा उजवा देतच नाहीये.’’

‘‘मागू नकोस. वाट बघ.’’

ही ज्या वर्गात उतरणार आहे त्याचं नाव लिबर्टी. नियम ऐकायला साधे. घोडं रिंगणात आणायचं, फाटक लावायचं, तोंडावरची मोहरकी काढून घ्यायची, की गाणं सुरू. दीड मिनिट ते मोकळं. अंगावर दोरीचा धागासुद्धा नाही. आत मालक आणि मदतीला एक जण. घोड्याला हात लावायचा नाही. गाणं थांबलं की दोन मिनिटांच्या आत पकडून मोहरकी परत चढवायची. नाही जमलं तर बाद, मग आधी कितीही देखणं पळालेलं असो. परीक्षक बघतात तो डौल, अंगातली ऊर्मी, गाणं त्या घोड्याला शोभतं की नाही, आणि शेवटी ते हाती किती सहज येतं.

गाण्यावरून सकाळीच ठिणगी पडलीय. आजोबा घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसलेत आणि मिटलेला विषय पुन्हा उकरून काढतायत. ‘‘विल्यम टेल लावलं असतं तर सगळ्या मांडवानं टाळ्यांचा ठेका धरला असता.’’

‘‘म्हणूनच नको,’’ बाई म्हणतात.

रोसिनीच्या १८२९ सालच्या ऑपेराच्या सुरुवातीचं ते वादन, त्यातला शेवटचा भरधाव तुकडा. अमेरिकेत १९३३ मध्ये रेडिओवर ‘लोन रेंजर’ सुरू झालं, त्याला हीच धून होती. तेव्हापासून इथल्या माणसाला ती ऐकली की मुखवटा घातलेला स्वार दिसतो. बाईंचं म्हणणं एवढंच, की लोकांनी स्वार बघायचा की माझी घोडी? आणि प्रत्येक शोमध्ये निदान दोघं तरी तीच धून घेऊन येतात. आजच्या यादीत तीन आहेत.

त्यांची रीत उलटी आहे, आणि मला ती पटते. बहुतेक लोक आवडतं गाणं आधी धरतात आणि मग घोड्याकडून त्या गाण्याची अपेक्षा करतात. बाईंनी हिवाळाभर घोडीला कुरणात मोकळं सोडून फोनवर चित्रण केलं आणि संध्याकाळी ते आवाज बंद करून पाहिलं. दुडक्या चालीत पुढचा डावा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजायचं आणि त्याला चारनं गुणायचं. हिचे निघाले ९६. ड्रेसाजवाले, म्हणजे स्वारासह घोड्याच्या शिकवलेल्या चाली दाखवणारे स्पर्धक, असंच मोजतात. संगीतावर ड्रेसाज ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून, ॲटलांटाच्या वेळेपासून आहे, आणि त्यातल्या मोठ्या घोड्यांची दुडकी साधारण ७५ ते ८५ च्या घरात येते. छोटा पाय लवकर पडतो. मोठ्या घोड्यासाठी निवडलेलं गाणं हिला लावलं की ही धांदरट दिसायला लागते. गाण्यात दोष नसतो आणि घोडीतही नाही.

बरं, एक आकडा धरून भागत नाही. दुडकीत कर्णातले दोन पाय एकदम पडतात, म्हणजे दोन ठोके. दौडीत तीन. सावकाश चालीत चार. स्वार पाठीवर असेल तर गाणं बदलतं तिथे तो चाल बदलायला लावतो. इथे पाठीवर कुणीच नाही. घोडं केव्हा दौडीत जाईल आणि केव्हा वाळू हुंगत बसेल, ते सांगणार कोण?

‘‘मी ठोके जुळवायचं सोडून दिलं,’’ बाई शेपटीत कंगवा घालता घालता सांगतात. ‘‘ती थांबते कशी, ते बघत बसले.’’

ही घोडी फार पळतच नाही. दहा-बारा सेकंद पळते आणि जागच्या जागी खिळते. मान वर, शेपूट कमानीसारखी पाठीवर, कान पुढे. दूर कुठेतरी, जिथे काहीच नसतं, तिथे बघते. नाकपुड्या फुलवून मोठ्यानं एक फुंकर टाकते आणि मागच्या पायांवर गर्रकन फिरून पुन्हा निघते. अशा घोडीला अखंड धावणारी धून दिली तर प्रत्येक थांबणं चूक वाटणार. म्हणून बाईंनी असं संगीत शोधलं ज्यात मुळातच खड्डे आहेत. टँगो. ‘ला कुंपार्सिता’. उरुग्वेच्या हेरार्दो मातोस रॉड्रिगेझनं १९१६ च्या सुमारास, विद्यार्थी असताना, कार्निव्हलमधल्या पोरांच्या बँडसाठी रचलेली ही चाल. तिची शेकडो ध्वनिमुद्रणं आहेत. बाईंनी निवडलं हुआन दारियेन्सोचं, कारण त्याचा ठेका करडा. वाद्यं पावलं आपटत चालतात, मध्येच सगळी एकदम गप्प, आणि पुन्हा सुरू. घोडी थांबली तरी ऐकणाऱ्याला वाटतं, ठरवूनच थांबली.

नातीनं लॅपटॉपवर त्याची कापाकापी केलीय. सुरुवातीचा रेंगाळणारा भाग गेला, कारण नव्वद सेकंदांत रेंगाळायला जागा नाही. वेग किंचित चढवला. झांजांचा कर्कश भाग असलेलं दुसरं एक गाणं बाईंनी आधीच बाद केलं होतं. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत पोचतो, घोड्याचा ३३ हजारांच्या पुढे. पत्र्याखालच्या जुन्या कर्ण्यातून आपल्याला नुसती खरखर ऐकू येते, तिथे घोड्याला काय काय ऐकू येत असेल, याचा विचार गाणं निवडताना फार लोक करत नाहीत.

आणि शेवट. नात हेडफोन माझ्या कानाला लावते आणि शेवटचे पाच सेकंद ऐकवते. तंतुवाद्यं भरात असताना आवाज खटकन तुटतो. विरत जात नाही, सम गाठून ऐटीत संपतही नाही. बँडच्या बाईंनी असं गाणं मध्येच तोडावं? मी विचारते तसं त्या हसतात. घरी रोज गाणं असंच तुटतं आणि लगेच ओट्सचा पत्र्याचा डबा खुळखुळतो. आधी हे तबेल्यातच, पळणं नाही, काही नाही. गाणं, शांतता, डबा, मोहरकी. मग छोट्या गोल कुंपणात. मग कुरणात. गाणी मुद्दाम बदलत राहायची, म्हणजे घोडी गाणं पाठ करत नाही, शांतता पाठ करते. हळूहळू डबा जातो, त्या जागी नुसता हात येतो. रिंगणात त्या डबा नेत नाहीत.

‘‘म्हणजे ती गाणं ऐकतच नाही? संपायची वाट बघते?’’

‘‘बत्तीस वर्षं माझ्या वर्गात दुसरं काय होत होतं?’’

पळायचा सराव त्यांनी फारसा करून घेतलेला नाही. एकच रिंगण रोज दाखवलं की घोड्याला पत्ता लागतो. ते तडक फाटकाशी जाऊन उभं राहतं, कारण बाहेर जायची वाट तीच आणि सोबतीही तिकडेच. मग दीड मिनिट लोक घोड्याचा पार्श्वभाग बघतात. पळायला घोड्याला शिकवावं लागत नाही, परत यायला शिकवावं लागतं. मेहनत सगळी त्यातच जाते. काल दिवसभर घोडीला कोंडून ठेवलंय, अंगात रग राहावी म्हणून. तिच्या पाठीवर आणि मानेवर लायक्राची झूल आहे, धूळ बसू नये आणि आयाळ एका अंगाला पडावी म्हणून. बाई आता ती झूल सोलून काढतात. आतली घोडी लखलखते.

नऊ वाजता आम्ही फाटकापाशी. ट्रॅक्टर रिंगणातली वाळू उकरून सारखी करतोय, पाण्याचा टँकर मागून फवारा मारतोय. आजोबा म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याला घेऊन रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला, कठड्याबाहेर जाऊन उभे राहतात. त्याचं आज काम एवढंच, तिथे उभं राहणं. सोबती एका टोकाला, फाटक दुसऱ्या टोकाला, म्हणजे घोडी दोन्हींच्या मध्ये लांबच लांब पळेल. या वर्गातले जुने लोक अशा युक्त्या कुणाला सांगत नाहीत. आजोबा सगळ्यांना सांगतात.

वाळू सारखी होईपर्यंत माझं मन भलतीकडे जातं, आणि माळशिरसच्या कुठल्याही माणसाचं जाईल. आमच्याकडे पुरंदावड्याला माऊलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं. त्याआधी तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही, कारण तिथे माऊली आहेत. मोकळ्या पाठीचा तो घोडा हजारो माणसांच्या मधून वाट काढत उधळतो आणि टाळ-मृदंगाचा कल्लोळ त्याच्याबरोबर चढत जातो. तिथे गाणं कुणी निवडलेलं नसतं. घोड्याला गुण द्यायलाही कुणी बसलेलं नसतं. तो गेला की लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. सारंगखेड्याच्या यात्रेत नाचणारे घोडे असतात खरे, पण त्यांचा लगाम कुणाच्या तरी मुठीत असतो. पाठही मोकळी आणि संगीतही आहे, असं मी याआधी पाहिलंय ते रिंगणातच. इथे बसून तुलना करू नये, हे मला कळतं. इथे तिकीट पाच डॉलर आहे आणि शेजारची बाई तळलेली लोणची खातेय.

ट्रॅक्टर बाहेर. पहिला क्रमांक.

राखाडी रंगाचा खच्ची घोडा, आणि अर्थातच विल्यम टेल. मोहरकी सुटते आणि कर्ण्यातून तुताऱ्या फुटतात. घोडा असा सुटतो की मालकीण दचकून बाजूला होते. एक फेरी, दुसरी, तिसरी. थांबायचं नाव नाही. लोक टाळ्यांनी ठेका धरतात. आजोबा पलीकडून मला हातवारे करून दाखवतात, बघ, म्हटलं नव्हतं? पण धून जितकी चढते तितका घोडा मागे पडतो, कारण तो आधीच जिवाच्या आकांतानं पळतोय आणि त्याहून वर चढायला जागाच उरलेली नाही. चाळीस सेकंदांनंतर सगळं तेच ते वाटायला लागतं. दीड मिनिट संपतं, धून थांबते, घोडा थांबत नाही. मालकीण एका कोपऱ्यात, मदतनीस दुसऱ्या कोपऱ्यात, घोडा तिसऱ्या. ती सरळ समोरून त्याच्यावर चालत जाते आणि ही नेमकी चूक. घोड्याला बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे आंधळी फट असते. समोरून आलेलं माणूस त्या फटीत शिरतं, नाहीसं होतं आणि एकदम अंगावर उगवतं. घोडा उसळतो. दोन मिनिटांची शिट्टी होते तेव्हा तो फाटकापाशी येऊन शांत उभा आहे आणि मोहरकी तिच्या हातात आहे. बाद. लोक हसतात, ती पण हसते, पण तिचे कान लाल झालेत.

दुसरा काळा कुळकुळीत वळू घोडा, चाच्यांच्या सिनेमातलं दणदणीत संगीत. हा मोकळा होतो, चार पावलं टाकतो, नुकत्याच उकरलेल्या, पाणी मारलेल्या वाळूकडे बघतो, गुडघे मोडतो आणि लोळतो. चारी पाय वर. कर्ण्यात नगारे वाजतायत, समुद्री लढाई पेटलीय, आणि घोडा डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर जाऊन मनसोक्त पाठ खाजवतोय. पहाटे चारला उठून घातलेली आंघोळ गेली. मालक कमरेवर हात ठेवून आढ्याकडे बघतो. घोडा उठतो, अंग झाडतो, वाळूचा लोट उडतो आणि नेमका त्याच क्षणी संगीतात कडकडाट होतो. अख्खं सभागृह उठून ओरडतं. मग तो पळतो, आणि पळतो फार सुरेख, पण लोकांना अजून हसूच आवरत नाही. गाणं थांबल्यावर तो आपण होऊन मालकाकडे येतो. माझे गुण असते तर मी यालाच दिले असते.

आमचा क्रमांक पाचवा.

बाई घोडीला आत नेतात. नात मागे, तिच्या हातात लांब काठी, टोकाला प्लास्टिकची पिशवी. पिशवी फक्त सळसळवायची. रिंगणाच्या मध्यावर बाई थांबतात, मोहरकीच्या बकलाला हात घालतात, आणि निवेदकाच्या मचाणाकडे मान हलवतात. बकल सुटतं. घोडीला लगेच कळत नाही. ती तशीच उभी राहते, पट्टा अजून आहेच असं समजून. टँगोचा पहिला ठोका पडतो. घोडी मान झटकते. काही नाही. पुन्हा झटकते. मग निघते.

पहिली फेरी दुडकीनं, पाय उचलून उचलून, खुरांचं पॉलिश वाळूवर चमकतंय. पलीकडच्या टोकाला तिला पांढरा घोडा दिसतो आणि ती दौडत तिकडे सुटते. कठड्यापाशी मागच्या पायांवर बसत थांबते. छाती फुगवून खिंकाळते. पांढरा घोडा जांभई देतो. कर्ण्यात वाद्यं एकदम गप्प होतात, आणि त्या गप्प क्षणात घोडी वळून प्रेक्षकांकडे बघतेय, शेपूट पाठीवर, नाकपुड्या उघड्या. माझ्या मागच्या रांगेतला कुणीतरी ‘‘ओह’’ म्हणतो. वाद्यं आपटतात. घोडी फिरते. हे जुळून आलं की जुळवलं, ते सांगणं अवघड आहे. गाणं तिनं ऐकलेलं नाही, हे मला माहीत आहे, बाईंनी सकाळीच सांगितलंय. तरी मला आता दिसतंय ते असं, की ती गाण्यावर थांबली. बाईंनी फसवायचं ठरवलं होतं ते घोडीला नव्हेच, मला.

कोपऱ्यात ती एकदा अडकते, वाळू हुंगायला मान खाली घालते. नात दोन पावलं टाकते, पिशवी सळसळते, घोडी मान वर करून पुन्हा चालू पडते. बाई मध्यावर जवळजवळ हलत नाहीत. फक्त खांदा फिरवतात. त्या जिकडे पोट करतात तिकडून घोडी दूर जाते, जिकडे पाठ करतात तिकडून जवळ येते. बघता बघता टँगो भरात येतो आणि खटकन तुटतो.

शांतता. घोडी पाच-सहा ढांगांत वेग सोडते. एक कान बाईंकडे. बाई खाली बघतायत, श्वास सोडतायत, खांदे पाडलेत, मोहरकी पाठीमागे. घोडी चालायला लागते. बारा-पंधरा पावलांचं अंतर. दहा.

आणि कर्ण्यातून गिटार सुरू होतं.

मचाणावर फायली ओळीनं लावलेल्या आहेत, थांबवायचं बटण कुणी दाबलेलं नाही, पुढच्या स्पर्धकाचं गाणं आपोआप लागलंय. तीन-चार सेकंद वाजत असेल. पण घोडीच्या लेखी शांतता मोडली. गाणं चालू म्हणजे वेळ संपलेली नाही. ती वळते आणि सुटते, सगळं रिंगण ओलांडून पांढऱ्या घोड्याकडे. गिटार बंद होतं, निवेदक काहीतरी दिलगिरीचं बोलतो, आणि त्याचा आवाजही कर्ण्यातूनच येतो. घोडी आणखी एक फेरी मारते. घड्याळ चालूच आहे. आजोबांच्या हातातली कॉफी वाकडी होऊन बुटावर सांडतेय, त्यांना पत्ता नाही.

बाई तिच्या मागे जात नाहीत. त्या मचाणाकडे वळतात, ओठांवर बोट ठेवतात. शिक्षिका. निवेदक गप्प होतो. मांडवही गप्प होतो. मग त्या पाठ फिरवून फाटकाच्या दिशेनं चार पावलं चालतात, म्हणजे घोडीपासून दूर. नात काठी वाळूवर आडवी ठेवून तिथेच खाली बसते. घोडी कठड्याला चिकटून उभी आहे, बरगड्या वरखाली होतायत. एक मिनिट गेलं असेल. ती बाईंच्या पाठीकडे बघते, पांढऱ्या घोड्याकडे बघते, पुन्हा पाठीकडे. निघते. सावकाश, चार ठोक्यांच्या चालीनं, थेट येऊन बाईंच्या कोपरावर नाक टेकवते. बाई लगेच वळत नाहीत. आधी हात मागे नेतात, खांद्यावर ठेवतात, मग त्या बाजूनं वळतात, नाकावरून मोहरकी, कानामागून पट्टा, बकल. शिट्टी अजून झालेली नाही.

टाळ्या. नातीच्या गुडघ्यांना वाळू. आजोबांना आता बूट ओला झाल्याचं समजतं.

निकालात पहिला नंबर एका सोनेरी घोडीला मिळतो. तिनं ऑफेनबाखच्या कॅनकॅनवर मुंड्या नाचवत धमाल केली, आणि संगीत थांबताच मालकाच्या खिशाचा वास घेत आली. आम्ही दुसरे. काळ्या लोळणाऱ्याला तिसरा. मचाणावरचा मुलगा येऊन माफी मागून जातो. बाई त्याला म्हणतात, पुढच्या वेळी प्रत्येक गाण्यामागे दोन मिनिटांची कोरी फाइल ठेव. तो ते हातावर लिहून घेतो.

तबेल्यात परत आल्यावर घोडीला ओट्सचा डबा मिळतो, खरा. नात तिच्या अंगावरची वाळू ब्रशनं काढतेय. आजोबा म्हणतात, पुढच्या वर्षी तरी विल्यम टेल. उत्तर देण्याऐवजी बाई माझ्याकडे वळून विचारतात, तुझ्या गावाकडे त्या मोकळ्या घोड्याला कुठलं संगीत असतं म्हणालीस? मी फोनवर वारीचा एक व्हिडिओ काढून देते. त्या डोळे मिटून ऐकतात, मांडीवर बोटानं ठेका धरतात, थोड्या वेळानं ठेका दुप्पट होतो तशी बोटंही दुप्पट होतात. त्यांच्या शाळेच्या बँडला मृदंग मिळाला असता तर काय झालं असतं, असा चेहरा.

‘‘चांगलं आहे. फार चांगलं आहे,’’ त्या म्हणतात. ‘‘याचा शेवट कुठे आहे?’’

मी व्हिडिओ पुढे सरकवते. पुढेही टाळ चालूच आहेत. घोडा निघून गेलाय, लोक मातीत वाकलेत, आणि टाळ चालूच.

‘‘शेवट नाही. ते पंढरपूरपर्यंत चालतच असतात.’’

‘‘मग हिला नाही चालणार,’’ बाई फोन परत देतात आणि रिकामा डबा घोडीच्या तोंडातून सोडवून घेतात. ‘‘ही पण पंढरपूरला जाईल.’’